आठ नंबरची गाठ

हिरडा हे झाड म्हणून फार भोळसट. कोणीही येऊन काहीही सांगावं आणि यानं ते निमूटपणे करावं. हे मी प्रेमानंच म्हणते आहे, कारण माझं सगळं शिक्षण आणि सगळी नोकरी या भोळसटपणावर झाली. आता आमच्या कुंभेरीच्या खोऱ्यात हिरड्याचं एकही झाड उभं नाही. ते का नाही आणि त्याला मी किती कारणीभूत आहे, ते चौकशी समितीला मी एकदा सांगितलं आहे. पण तिथं बाई रडायला लागली की पाणी देतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून पुन्हा सांगते.

मी अनसूया केंगले. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाशी आमचं खोरं. आम्ही महादेव कोळी. होळी झाली की बायामाणसं हिरड्यावर चढतात आणि आत आठळी न धरलेली कोवळी फळं उतरवतात. उन्हात वाळली की ती काळी, सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी होतात. तो बाळहिरडा. बहुतेक विकला जातो आणि थोडा घरी ठेवतात, कारण तान्ह्या मुलाच्या गुटीत तो लागतोच. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे, त्यात हिरड्याचे दोन वळसे, सुंठीचा एक, मुरुडशेंगेचा एक, आणि ते चाटण बोटानं बाळाच्या जिभेला लावायचं.

लहानपणी मला फळांपेक्षा गाठींचं वेड. करंजाच्या पानांवरचे फोड, पांगाऱ्याचे सुजून वेडेवाकडे झालेले कोंब, जांभळीच्या पानांवरच्या पुटकुळ्या, असलं सगळं मी खोक्यात भरून ठेवायची. आई म्हणायची, पोरगी झाडांचे रोग गोळा करते, हिला कोण करणार. तिचं म्हणणं खरं ठरलं. मला कोणी केलं नाही आणि मीही फारसं कोणाला विचारलं नाही.

या गाठी म्हणजे रोग नव्हेत, घरं आहेत. गाठमाशी ही तिळाएवढी बारीक जात. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, पण माणसाला चावत नाही. मादी कळीत किंवा कोवळ्या पानात अंडं घालते आणि सोबत कणभर रस सोडते. पुढे अळीही तसाच रस सोडत राहते. त्या रसात झाडासाठी हुकूम असतात. इथल्या पेशी वाढव, इथं भिंत जाड कर, आत गर भर, बाहेर तुरट साल चढव. फळ बांधायची अवजारं झाडाकडे असतातच. माशी त्याच अवजारांनी झाडाकडून आपल्या अळीसाठी खोली बांधून घेते.

मजा पुढेच आहे. एकाच झाडावर वीस जातींच्या माश्या आल्या तर वीस तऱ्हेची घरं होतात. कोणाची गुळगुळीत गोटी, कोणाची काटेरी, कोणाची केसाळ, कोणाची शिंगासारखी वळलेली. ओकच्या झाडावर तर शेकड्यांनी प्रकार सापडतात. आपण गुटीत उगाळतो ते मायफळसुद्धा फळ नव्हे, ओकवर माशीनं बांधून घेतलेली खोलीच आहे. झाड तेच, लाकूड तेच, तरी घराचा आकार बघून कोणती माशी ते सांगता येतं. मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची. कॉलेजात माझ्यावर पैजा लागायच्या.

दोन हजार तेहेतीसच्या सुमारास त्या रसातले हुकूम वाचता यायला लागले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत लिहिताही. माशीच्या जनुकांत बदल करायचा, म्हणजे ती झाडाला सांगते की गरात अमुक औषध भर. झाड भरतं. आमच्या खोऱ्यात मोठमोठी जाळीघरं उभी राहिली. आत हिरड्याची दोनशे झाडं आणि बारा नंबरांच्या माश्या. कागदोपत्री ते लांबलचक नावाचं संशोधन केंद्र होतं, पण लोक त्याला गाठशाळा म्हणायचे. डॉक्टर सबनीस प्रमुख आणि त्यांच्या हाताखाली मी. आठ नंबरची माशी वेदनाशामक भरून घ्यायची. अफूच्या गोत्रातलं, पण अफूहून शेकडो पट जोरकस. मोहरीच्या दाण्याच्या कणभर भागात मोठ्या माणसाच्या हाडातली कळ थांबायची.

आठ नंबरची गाठ सुरुवातीला लालभडक आणि काटेरी होती. लांबून ओळखू यायची. पण वेचणाऱ्या बायकांच्या बोटांत काटे घुसायचे आणि काट्यातून औषधही जायचं. दोघीतिघींना झाडाखालीच ग्लानी आली. तेव्हापासून आम्ही केंद्रात उताऱ्याची इंजेक्शनं ठेवायला लागलो. जाड हातमोजे घालून बायकांना काम होईना. मग एका बैठकीत मी म्हणाले की काटे काढून टाकू या. गाठ गुळगुळीत, लांबट, बाळहिरड्याच्या मापाची करू या. आमच्या बायकांचे हात त्या आकाराला सात पिढ्यांपासून सरावलेले आहेत. शिवाय माशीला अंडी फुलाच्या कळीतच घालायला लावू, म्हणजे गाठ फळाच्याच देठाला फळासारखी लटकेल आणि तोडायला सोपी जाईल.

सबनीसांना ते फार आवडलं. वर्षभरात तशी माशी तयार झाली. वाळलेली गाठ आणि वाळलेला बाळहिरडा शेजारी ठेवला तर मलाही सांगता येईना. मला, डोळे मिटून सांगणारीला! मी हे फुशारकीनं चार लोकांत सांगत फिरले. बायकाही खूश झाल्या आणि एकीनं मला लुगडं दिलं. हुकुमांची मी इतकी वर्षं पारायणं केली, पण प्रत्येक माशीचं घर वेगळं दिसतं म्हणूनच ते ओळखता येतं, आणि ती ओळखच मी पुसून टाकते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता घरचं. आई, ठकूबाई, हिला तीन वर्षांपूर्वी कॅन्सर निघाला आणि तो हाडांत उतरला. ती उशीत तोंड खुपसून ओरडायची. आठ नंबरची गोळी सुरू झाली तशी आठवड्यात उठून बसली, महिन्यात चुलीपाशी आली. आजार गेला नव्हता, पण बाई माणसांत आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. लेकीनं झाडाला सांगून आणलेलं औषध, असं ती येईल त्याला सांगायची. माझ्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि हे एकीकडे.

धाकटा भाऊ संदेश आणि त्याची बायको कुंदा यांना नऊ वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, देव झाले. शेवटी बेचाळीस सालच्या संक्रांतीला मुलगी झाली, तिचं नाव ओवी. दिसायला अगदी आमच्या बापावर गेलेली, म्हणजे नाक जरा जास्तच. ओवी पहिले दोन महिने अखंड रडली. पोटात गुबारा धरायचा. कुंदा तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरायची आणि फिरता फिरता स्वतःही रडायची. आई म्हणायची, थांबा, यंदाचा हिरडा वाळू दे, नव्या हिरड्याची गुटी लागली की पोर निवळेल.

गुटी हा आमच्या खोऱ्यात आईचाच प्रांत. बाळगुटीचं सगळं साहित्य एका फडक्यात बांधून ती पुरचुंडी बारशाला न्यायची, हा तिचा मान. तिच्या आधी तिच्या सासूचा होता. खोऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या जिभेला पहिला हिरडा ठकूबाईचा.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला म्हणून डोंगराच्या वरच्या धारेवर गेले होते. तिथल्या रानातल्या एका हिरड्याखाली उभी राहिले आणि सवयीनं एक फळ तोडून नखानं चिरलं. आत पोकळ खोली होती आणि खोलीत पांढरी अळी वळवळत होती.

मी त्या घोसातली उरलेली पाच फळंही चिरून बघितली. मागच्या मे महिन्यात वादळात जाळीघराचं एक पाखं फाटलं होतं. पण आम्हाला त्याचा घोर नव्हता. आमच्या माश्यांना पिंजऱ्यात एक अन्नघटक द्यावा लागायचा आणि तो नसला की त्यांची अंडीच धरायची नाहीत. बाहेर गेल्या तरी एका पिढीत संपतील, असं आम्हीच लिहून दिलं होतं. रानात मात्र हिरड्यावर दुसऱ्या जातींच्या गाठमाश्यांची रिकामी घरं होती आणि त्यांत एक बुरशी वाढत होती. आमच्या माश्या ती बुरशी खात होत्या. हवा असलेला घटक त्यांना तिथं मिळाला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की आठ नंबर जिवंत आहे, आणि एकाच घोसात चार फळं खरी आहेत आणि दोन आमची आहेत.

मी तडक सबनीसांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, हे समितीपुढेही मी सांगितलं. त्यांनी अळी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की नियम तुला माहीत आहे. बाहेर गाठ सापडली असं कळवलं की पंधरा किलोमीटरच्या आतला प्रत्येक हिरडा तोडून जाळायचा आणि केंद्र बंद. तुझ्या लोकांचा हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय. आपणच त्या धारेवरची झाडं वेचून काढू, महिन्याभरात संपवू, मग कळवायचं का ते बघू. आणि जाता जाता म्हणाले, आईंची गोळीही बंद होईल हं.

मी गप्प बसले. आईसाठी बसले असं मी पुष्कळांना सांगितलं आणि ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. मला भीती वाटली की सगळे विचारतील, ही गाठ बाळहिरड्यासारखी कोणी केली? माझी आयुष्यातली एकमेव मोठी गोष्ट होती ती. तिला चूक म्हटलेलं मला ऐकवणार नव्हतं. लाज वाटते, पण असंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि केंद्रातल्या दोन बायका कामाला लागलो. त्यांना मी कीड पडली आहे एवढंच सांगितलं. धारेवरची चाळीस झाडं आम्ही फळांसकट ओरबाडली आणि सगळं जाळलं. गावात सांगितलं की यंदा धारेवरचा माल किडका आहे, कोणी जाऊ नये. लोक नाहीच गेले. मी हातात नकाशा घेऊन एकेक झाड खोडत होते आणि माझं मलाच बरं वाटत होतं.

सात झाडं तेवढी सोडली. धारेच्या टोकाला देवराई आहे आणि तिच्यात सात म्हातारे हिरडे. आमच्यात देवराईतलं पान तोडत नाहीत. देवराईत जो हात लावील त्याचं वाईट होतं, असं ऐकत मी वाढले. मी वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर, पण त्या झाडांपाशी मीसुद्धा पायताण काढून उभी राहिले आणि परत फिरले. मनात म्हटलं, जे कोणी तोडत नाही ते कोणाच्या घरी जाणार कसं?

त्यानंतरच्या दिवसांत ओवी निवळली. कुंदा फोनवर सांगायची, ताई, पोर सुधारली हो, गुटी चाटताना तोंडसुद्धा वाकडं करत नाही. आता दुपारची तीन-तीन तास झोपते. मी म्हटलं, झोपू दे, तूही झोप. संदेशनं पाळण्यातला फोटो पाठवला. मी तो केंद्रात सगळ्यांना दाखवला.

अठराव्या दिवशी रविवार होता. मी सकाळी दहाच्या सुमारास घरी गेले. कुंदा न्हाऊन, केस मोकळे सोडून ओट्यावर बसली होती. तीन महिन्यांत तिला असं निवांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ओवी पाळण्यात होती. मी तिला उचललं तर मान एकीकडे गेली. गाल चिमटला, तळव्याला टिचकी मारली, पोर उठेना. पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी तिच्या छातीकडे बघत श्वास मोजायला लागले आणि दोन श्वासांच्या मधे मला फार वेळ वाट बघावी लागली.

आई आतून सहाण घेऊनच आली, दिवसाची दुसरी गुटी उगाळायला. मी तिच्या हातातला हिरडा हिसकावला आणि विळीवर धरून दोन तुकडे केले. आत खोली होती आणि वाळून चिमटलेली अळी.

कोणाला काही समजावून सांगत बसले नाही. संदेशला गाडी काढायला लावली. केंद्र दहा मिनिटांवर. उताऱ्याचं इंजेक्शन मी माझ्या हातानं दिलं, पोरीच्या मांडीत. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग तिनं नाक वाकडं केलं आणि रडायला लागली. उतारा थोड्याच वेळात ओसरतो आणि औषध अंगात राहतं, म्हणून मी दोघांना पोरीसकट तालुक्याच्या दवाखान्यात पिटाळलं आणि तिथल्या डॉक्टरांना फोन करून काय आहे ते नावानिशी सांगितलं. त्या फोनबरोबर केंद्र संपलं होतं. सबनीसांना कळवायचंही मी विसरले.

मागे मी आणि आई उरलो. मी विचारलं, हा हिरडा कुठला? मागच्या परड्यातला ना?

आई म्हणाली, "गुटीचा हिरडा परड्यातला कसा असंल? तो देवराईतला. तोडायचा नाही, वाऱ्यानं पडंल तेवढाच वेचायचा. देवीनं दिलेला."

मी म्हटलं, मला हे कधी सांगितलं नाहीस.

"बाळंतपण झाल्याबगर सांगत न्हाईत, अन्से. ज्या बाईला पोर झालं तिलाच सांगायचं, अशी रीत हाय. कुंदाला सांगितलं की औंदा. तुला कसं सांगू?"

तिनं मुद्दाम टोचायला म्हटलं नव्हतं. ती रीत सांगत होती. मी तिला देवराईत माशी आहे हे सांगितलं नव्हतं आणि तिनं मला देवराईत ती जाते हे सांगितलं नव्हतं. मग मी तिला सगळं सांगितलं. धारेवरची अळी, सबनीस, जाळलेला माल आणि आकार कोणी ठरवला तेही. ऐकून झाल्यावर ती बोटांवर मोजत नावं घ्यायला लागली. यंदा तिनं ओवीची धरून बारा पुरचुंड्या बांधल्या होत्या.

अकरा घरांपैकी सहा घरांत फोन लागला. गुटी बंद, पोराला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखाना, एवढंच मी सांगितलं. दोघांनी ऐकून न घेता मलाच वेड्यात काढलं. मग आईनं फोन घेतला आणि तिच्या आवाजावर ते निघाले. उरलेली पाच घरं वरच्या वाड्यांतली, तिथं फोन पोचत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी एकच आणि ती पहिल्या सहांत गुंतली. मी केंद्रातली सगळी इंजेक्शनं पिशवीत भरली आणि जीप काढली. आईला म्हटलं, तू थांब. ती आधीच जीपमध्ये बसली होती.

वरचा रस्ता खडकाळ. प्रत्येक खड्ड्याला आईच्या हाडांत कळ जात असणार. बाराच्या पुढे मी गोळी काढून तिच्यापुढे धरली, कारण सकाळच्या धांदलीत तिनं ती घेतलीच नव्हती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि मान फिरवली. मी रागावले, विनवलं, शेवटी रडले. ती म्हणाली, त्या पोरांच्या जिभेवर हेच घातलं ना मी? मग मला नको. त्यानंतर तिनं ती गोळी कधीच घेतली नाही. अडीच महिने ती कशी होती ते मी आणि कुंदानं पाहिलं. तेवढं मी इथं सांगत नाही.

पहिल्या दोन घरांत पोरं ठणठणीत निघाली. एकीनं पुरचुंडी अजून सोडलीच नव्हती आणि दुसरीच्या वाट्याला खरे हिरडे आले होते. आईनं दोन्ही पुरचुंड्या ओटीत घेतल्या.

तिसरं घर तळपेवाडीचं, सोमनाथ तळपेचं. पंचविशीतला मुलगा, रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचा. अंगणात त्याची आई बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि उठून माझ्या आईच्या गळ्यात पडली. म्हणाली, ठकूबाई, इतक्या लांब आलात, तब्येत अशी असताना. तिला वाटलं आम्ही भेटायला आलो आहोत. सोमनाथची पोरगी चार दिवसांपूर्वी गेली होती. म्हातारी सांगत होती, झोपेतच गेली, सकाळी उठवायला गेलो तर गार पडलेली. कोणाला कळवलं नाही, ओढ्याकाठी पुरली. देवीनं दिली, देवीनं नेली. पण एक सांगते, तुमच्या गुटीनं शेवटचे दहा-बारा दिवस पोर सुखात होती, एकदा रडली नाही.

आत बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली होती. सोमनाथ दारात उभा होता. तुम्ही बसा, चहा टाकतो, म्हणाला.

आईनं माझा हात दाबला. तो कशासाठी दाबला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. गप्प राहा म्हणून असेल किंवा बोल म्हणून असेल. मला गप्प राहता आलं असतं. त्यांनी देवीवर घातलंच होतं आणि त्यात त्यांना थोडं निभावतही होतं. आणखी दोन घरं बाकी होती, घाई होती, कारणं पुष्कळ होती. पण गप्प बसून काय होतं ते त्या अंगणात माझ्यासमोर होतं.

मी म्हटलं, "सोमनाथ, देवीनं नाही नेली. गुटीतला हिरडा हिरडा नव्हता. आमच्या केंद्रातली गाठ होती ती, माशी बाहेर सुटली होती. आईला काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला समजलं नसावं. सोमनाथला समजलं.

"कधीपास्नं ठाऊक होतं?"

"अठरा दिवस झाले."

तो मनात मोजत होता. मीही मोजत होते आणि त्याच्या आधी उत्तराला पोचले होते. तो म्हणाला, "आमच्या शरयूचं बारसं सोळा दिवसांपूर्वी झालं. गुटी त्या दिवशीच सुरू केली. ठकूमावशीला सोडायला तुम्हीच आला होता, ह्याच गाडीनं."

मी हो म्हटलं. मी त्या दिवशी जीपमधून उतरलेही नव्हते. खिडकीतूनच घुगऱ्या घेतल्या होत्या आणि आईला घाई कर म्हणून हॉर्न वाजवला होता. पुरचुंडी आईच्या मांडीवर होती.

मला वाटलं तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं. आतून बाळंतिणीचा हुंदका आला आणि मग एकसारखे यायला लागले. तिनं सगळं ऐकलं होतं. सोमनाथची आई आत गेली. माझी आई अंगणात मातीतच बसली, डोकं जमिनीला लावून.

सोमनाथनं विचारलं, "अजून कोणाच्या घरी जायचंय?"

मी दोन नावं सांगितली, मुंगळदऱ्यातलं साबळ्यांचं घर आणि माथ्यावरचं असवल्यांचं. तो म्हणाला, माथ्यावर जीप चढणार नाही, पुढं रस्ता नाही. तुम्ही साबळ्यांकडं जा, असवल्यांकडं मी जातो. भिंतीला टेकवलेली मोटारसायकल त्यानं अंगणात आणली. मी पिशवीतून दोन इंजेक्शनं काढून कशी द्यायची ते दाखवलं. मांडीत, बाहेरच्या बाजूला, पूर्ण आत. त्यानं दोनदा माझ्यासमोर करून दाखवलं, नीट जमलं की नाही ते विचारलं आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीला किक मारली आणि पायवाटेनं वर निघाला.

असवल्यांचा मुलगा वाचला. तेव्हा तो निळा पडला होता, असं डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर राहिला नसता. साबळ्यांचीही मुलगी आम्हाला वेळेवर मिळाली. त्या वर्षी खोऱ्यातली दोन मुलं गेली. एक शरयू तळपे, आणि एक पहिल्या सहा घरांतला गवाऱ्यांचा मुलगा, जो दवाखान्याच्या वाटेवरच गेला. पुढच्या महिन्यात झाडं तोडायला यंत्रं आली. देवराईतली सात सगळ्यात शेवटी पाडायची होती आणि गावातला एकही माणूस त्या कामाला यायला तयार नव्हता.

ते काम सोमनाथनं घेतलं. मी काठावर उभी होते. त्यानं जेसीबीतून उतरून पायताण काढलं, आत जाऊन हात जोडले, परत येऊन यंत्र सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत सातही झाडं आडवी केली. घरी जाताना तो माझ्या अगदी शेजारून गेला. त्या दिवशी अंगणात बोलला त्यानंतर तो माझ्याशी आजवर एक शब्द बोललेला नाही, आणि मी त्याला कधी हाक मारलेली नाही.